सुंगलिनबाचे सोनेरी तळहात

"हात वर! दोन्ही हात! बोटं फाकवा! धक्काबुक्की नको, प्रकाश सगळ्यांना पुरणार आहे!"

आमच्या सुंगलिनबा गावच्या मुळं भाजायच्या वखारीत त्या दुपारी सव्वाशे माणसं दाटीवाटीनं उभी होती. खिडक्यांवर रजया ठोकल्या होत्या, दाराच्या फटींत पेंढा कोंबला होता. अंधार असा, की शेजारच्यानं लसूण खाल्लाय हे कळावं, पण शेजारी कोण आहे ते कळू नये. मग ओट्यावर एक बारीक जांभळा उजेड लुकलुकला आणि हवेत एक पांढरा झगा उभा राहिला. निळसर, चांदण्यासारखा. झग्याच्या वर दातांची एक रांग, तीही चमकणारी. दोन्हींच्या मध्ये माणूस असावा, पण तो दिसत नव्हता.

"मी मेघसारस महागुरू," दात म्हणाले. "सात पर्वतांच्या पलीकडे एकोणतीस वर्षं मी फक्त धुकं खाऊन राहिलो."

"पोट बघितलं सकाळी. धुकं चांगलंच अंगी लागलंय," माझ्या मागून कोणीतरी पुटपुटलं. त्याला चार जणांनी गप्प केलं.

जांभळा उजेड पहिल्या रांगेवरून फिरला आणि सव्वाशे माणसांचा श्वास एकदम अडकला. ऐंशी वर्षांच्या मोऊआजीचे तळहात सोन्याचे झाले होते! रेघ न् रेघ पेटलेली, नखांच्या कडा तर दिव्याच्या वातीसारख्या.

"अगंबाई, मी मेले की काय?" मोऊआजी म्हणाली.

"मेला नाहीत, आजी. तुमच्या अकरा पिढ्यांचं पुण्य वर आलंय!"

मग दुसरी रांग, तिसरी रांग. सगळीकडे सोनं. बायका रडायला लागल्या, बाप्ये नाक शिंकरायला लागले. आमच्या शूगनचे हात तर कोपरापर्यंत झळाळले. शूगन म्हणजे गावातला कोंबडीचोर, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"हा मागच्या जन्मीचा महर्षी!" महागुरू गरजले.

"मागच्या जन्मीचं राहू द्या," अंधारातून एका बाईचा आवाज आला. "या जन्मीची माझी लाल कोंबडी कुठाय, तेवढं विचारा त्या महर्षीला."

हशा ओसरतो न ओसरतो तोच उजेड माझ्यापाशी आला. माझा डावा हात काळाच राहिला. उजव्याचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं तेवढी चमकली.

"आपण शाळामास्तर ना?" महागुरूंनी उसासा सोडला. "पुस्तकी ज्ञान! तीन बोटांच्या वर चढलंच नाही."

सगळ्यांत मोठ्यांदा हसली ती माझ्याच वर्गातली पोरं. मीही हसलो. माणसाला आपली लायकी नेमकी बोटांवर मोजून मिळते, असं रोज थोडंच होतं!

माझ्या शेजारी छुईये उभी होती. माझी जुनी विद्यार्थिनी, आता जिल्ह्याच्या गावी कापडदुकानात गल्ल्यावर बसणारी. नऊ दिवसांनी तिचं वेनशानशी लग्न होतं, म्हणून रजा काढून आदल्याच दिवशी आली होती. तिनं हौसेनं हात पुढे केले. उजेड पडला. काही नाही. हात हातासारखेच राहिले.

शेजारच्या बायका तिच्यापासून लांब सरकल्या.

"काळोख," महागुरू हळूच म्हणाले, आणि हळू बोललेलं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातं, हे त्यांना चांगलं माहीत होतं. "हे हात ज्या घराची चूल पेटवतील, त्या घराच्या वाफ्यातली मुळं कुजतील."

"पण आई..." वेनशान म्हणाला.

"तू गप्प बस!" त्याची आई, थानकाकू, म्हणाली.

काकू काही दुष्ट नव्हती. पण ती विधवा बाई, आणि तिचा वाफा चौथ्या वर्षात होता. ह्वांगल्येनचं कडू औषधी मूळ पाच वर्षं मांडवाच्या सावलीत वाढतं. पाच वर्षं गुडघ्यांवर बसून तण काढायचं आणि शेवटच्या पावसाळ्यात एका कुजीनं सगळं काळं पडायचं, असं आमच्या डोंगरात प्रत्येक घरानं एकदा तरी सोसलंय. 'मुळं कुजतील' हे शब्द ऐकून आमच्या इथला पहिलवानसुद्धा मटकन खाली बसतो. काकूचं घर त्या वाफ्यावर चालायचं. तिनं तिथंच, सगळ्यांदेखत, लग्न मोडलं.

महागुरूंनी वर अशीही कृपा केली, की पैशाला ते शिवत नाहीत. पैसा म्हणजे मळ. मात्र ज्यांचा प्रकाश उघडला त्यांनी तो टिकवायला घरटी एक टोपली वाळलेली मुळं वाहायची. तिसऱ्या दिवशी पुन्हा बैठक बसेल, तेव्हा ते टोपल्या स्वीकारतील आणि थानांच्या घरासाठी उजळ हातांची दुसरी सून सुचवतील.

*

आमच्याकडे नवरीनं लग्नाआधी दहा दिवस रडायचं असतं. सूर लावून, गाणी म्हणून. आईबापांसाठी रडायचं, भावंडांसाठी रडायचं आणि लग्न जुळवणाऱ्याला तर मनसोक्त शिव्या देत रडायचं. छुईयेच्या मावश्या आणि आत्या त्यासाठी लांबून आल्या होत्या. आता त्या अंगणात गालावर हात ठेवून बसल्या, कारण मोडलेल्या लग्नासाठी कसं रडायचं, याचं गाणं एकीलाही येत नव्हतं.

छुईये मात्र रडत नव्हती. ती तरातरा शाळेत आली आणि बाकावर बसली, लहानपणी बसायची त्याच बाकावर.

"मास्तर, मला सांगा, मी अशुभ आहे का?"

"गणितात होतीस थोडी. बाकी नाही."

तिला हसू आलं नाही. "लग्न मोडलं तर मोडू दे. पण उद्या या गावात कुणाचं डुकरू मेलं तरी माझं नाव घेतील. आईला पाणवठ्यावर उभी करणार नाहीत. आणि मास्तर, तो दिवा मी ओळखते!"

"महागुरूंचा अमरलोकीचा दिवा?"

"कसला अमरलोक! माझ्या गल्ल्यावर तसलाच आहे. शंभराची नोट आली की खाली धरायची, खऱ्या नोटेवर खूण उमटते. यानं वर रेशीम गुंडाळलंय आणि ड्रॅगन काढलाय, एवढंच. आणि गिऱ्हाईक पांढरा सदरा घालून आलं की तो असाच निळा चमकतो. रोज बघते मी."

"तळहात चमकतात?"

"तेच तर! कधी नाही. माझे नाहीत, गिऱ्हाइकांचेही नाहीत. मग गावातल्यांचेच का चमकले?"

"ते मलाही कळलेलं नाही," मी म्हणालो. आपल्याला कळलेलं नाही हे पोरांसमोर बोलायला मी कधी लाजलो नाही, मग ती पोर चोवीस वर्षांची का असेना. "पण माझी तीनच बोटं चमकली. तीनच का? तू उद्या पहाटेच्या गाडीनं जा आणि तुझा दिवा घेऊन ये. तोवर मी पोरांना कामाला लावतो."

दुसऱ्या दिवशी वर्गात दुसरा विषयच नव्हता. कुणाचे बाबा किती चमकले यावरून मारामारी व्हायची बाकी होती.

"बरं," मी फळ्याशी उभा राहिलो. "सगळ्यांत जास्त कोण चमकलं?"

"शूगनकाका!"

"शूगनकाका सगळ्यांत पुण्यवान?"

वर्ग खिदळला. "मास्तर, काल त्यांच्या चुलीपाशी पिसं होती!"

"मग पुण्य सोडा. शूगनकाका असं काय करतात, जे बाकी कुणी तेवढं करत नाही?"

पोरं विचारात पडली. पोरं विचारात पडतात ना, तेव्हा वर्गात एक वेगळीच शांतता होते. ती मोडायची घाई मास्तरानं कधी करू नये. खिडकीतून वखारीच्या धुराचा कडू वास येत होता. शेवटी येन्झी नावाची एक मुलगी, जी एरवी महिन्याला एखादं वाक्य बोलायची, हळूच म्हणाली, "ते सगळ्यांच्या घरची मुळं कातरतात."

खरं होतं. सुगीचे दिवस. खणून काढलेल्या मुळांची पानं आणि तंतू कातरायला शूगनसारखा हात नाही, म्हणून पहाटेपासून तो दारोदार कात्री चालवत असे. (आणि दारोदार फिरला, की कोंबड्या कुठं बसतात तेही कळतं.)

"आणि छुईयेताई?"

"ताई तर तीन वर्षांत कात्रीला शिवली नाही!"

"आणि मास्तरांची तीन बोटं?"

येन्झी उठून माझ्या टेबलापाशी आली. तिथं ह्वांगल्येनचा एक तुकडा पडला होता. आतून हळदीसारखा पिवळा, बाहेरून कोंबडीच्या वाकड्या नखासारखा. आदल्या सकाळी मुळाचा धडा शिकवताना मी तो मोडून दाखवला होता. तिनं तो उचलला, अंगठ्यात आणि दोन बोटांत धरून.

मला स्वतःच्याच डोक्यात टपली मारावीशी वाटली. कार्तिकापासून नव्या वर्षापर्यंत आमच्या गावात मुळं कातरणाऱ्या प्रत्येकाचे हात पिवळे असतात. घासले तरी निघत नाहीत. भाताला कडू लागतं, बाळाच्या गालाला हात लावला की ते गाल चाटून तोंड वाकडं करतं. आम्हाला त्याचं इतकं काही वाटत नाही, की आपले हात पिवळे आहेत हे आम्ही विसरूनच गेलो होतो. बाहेरचा माणूस आला आणि आमचंच मूळ आमच्याच हातांवर दाखवून टोपलीभर मुळं मागायला लागला!

"मास्तर, सापडलं?" पोरं ओरडली.

"नाही. अजून नुसतं वाटतंय. वाटणं वेगळं आणि सापडणं वेगळं. उद्या दिवा येऊ दे."

*

तिसऱ्या दिवशी सकाळी छुईये दिवा घेऊन उतरली. शाळेची लाकडं ठेवायच्या अंधाऱ्या खोलीत आम्ही शिरलो. आधी मुळाचा मोडलेला तुकडा धरला. भक्कन सोनं! मग मी एका पोराला म्हटलं, डाव्या हातानं मूळ चोळ, उजव्यात खडू धर. डावा चमकला, उजवा नाही. मग पोरांनी मला विचारायचंच सोडून दिलं. कात्री आणली, चमकली. टोपलीचा कान चमकला. एका पोरानं कपडे धुवायच्या पावडरीत भिजवलेला बनियन आणला, तो महागुरूंच्या झग्यासारखा निळा पेटला. ज्यांनी साबणाच्या वडीनं धुतले होते, त्यांचे बनियन मख्ख राहिले.

"पावडरीत चमक टाकतात, कपडा पांढराशुभ्र दिसावा म्हणून," मी म्हटलं. "चांदणं नाही, धुलाई आहे."

त्यानंतर छुईये तासभर शूगनशेजारी बसून मुळं कातरत राहिली. आणि पोरं उरलेला वेळ गावभर काय काय शोधत होती, ते मला बैठकीपर्यंत कळलं नाही.

दुपारी वखार पुन्हा भरली. ओट्याशेजारी टोपल्यांचा डोंगर. थानकाकू पहिल्या रांगेत, तिच्यामागे पडलेला चेहरा घेऊन वेनशान. रेशमी दिवा लागला, झगा पेटला. महागुरू दुसऱ्या सुनेचं नाव घेणार, इतक्यात छुईये ओट्यासमोर जाऊन उभी राहिली.

"गुरुजी, माझे हात पुन्हा बघा."

"काळोख दोनदा बघून उजळत नाही, मुली."

"बघा तरी!"

उजेड पडला आणि तळहात सोन्यासारखे झळाळले. वखारीत एकच गलका. महागुरू क्षणभर दचकले, पण क्षणभरच. मुरलेला गडी होता तो.

"पाहिलंत!" त्यांनी दोन्ही बाह्या आभाळाकडे फेकल्या. "परवा रात्रभर या पोरीसाठी मी ध्यान लावलं! माझा प्रकाश हिच्यात उतरला! थानबाई, आता खुशाल सून करून घ्या. टोपल्या मात्र दोन."

"दोन काय, तीन घ्या!" थानकाकू रडतच पुढे आली. "ये गं माझी बाय, ये! झालं गेलं नदीला मिळालं!"

छुईयेनं आता नुसती मान खाली घालायची होती. लग्न होणार होतं, आई पाणवठ्यावर ताठ उभी राहणार होती, मावश्यांना गाणं सापडणार होतं. आणि खरं सांगतो, तिनं तसं केलं असतं तर मी तिला दोष दिला नसता.

तिनं काकूचा हात हळूच बाजूला केला.

"काकू, थांबा. या उजेडावर मला घरात घेणार असाल, तर मी येत नाही. मी दुकानात परत गेले की महिन्याभरात पुन्हा काळी पडणार. मग काय कराल? सकाळी मी शूगनदादांजवळ बसून मुळं कातरली. एवढंच केलं. हा बघा माझा दिवा, नोटा तपासायचा. आणि हे बघा गावातले बाकीचे पुण्यवान!"

तिनं दिवा फिरवला. शूगनची कात्री चमकली. दाराची कडी चमकली. भाजलेली मुळं घोळून तंतू झाडायचा बांबूचा लांबलचक पिंजरा ढगातल्या विजेसारखा उजळला.

"आणि हे सगळ्यांत मोठे महर्षी!" मागून पोरं किंचाळली, आणि दारातून, दोरीनं ओढत, ढकलत, त्यांनी थानकाकूचं लग्नासाठी पोसलेलं डुक्कर आत आणलं. आठवड्यापूर्वी डुकराला हगवण लागली होती, म्हणून काकू त्याच्या आंबोणात ह्वांगल्येनची पानं आणि तंतू कालवत होती. छुईयेनं दिवा धरला. डुकराचं आख्खं थोबाड, नाकपुड्यांसकट, शुद्ध सोन्याचं झालं. ते तसंच तोंड वर करून त्यानं सगळ्या सभेकडे पाहिलं.

"अकरा पिढ्यांचं पुण्य!" शूगन म्हणाला.

हसण्याचा असा स्फोट झाला की एका खिडकीची रजई खाली आली.

"शांत व्हा!" महागुरू ओरडले. "पशूंमध्येही आत्मा..."

"गुरुजी," छुईये म्हणाली, "तुमचा तळहात दाखवा ना."

"सूर्य कधी स्वतःला दिवा दाखवतो का?"

"सूर्याला हात नसतात. तुम्हाला आहेत."

महागुरू मागे सरकले, पण मागे शूगन होता. पकडायची त्याला सवय होती, पळणाऱ्या कोंबडीला धरतात तसं त्यानं महागुरूंचं मनगट धरलं आणि दिव्याखाली उलटं केलं. मऊ, गोरा, गुबगुबीत तळहात. पूर्ण काळा.

सव्वाशे माणसं तिथं पाहत राहिली. तीन दिवसांत हे पाहायचं एकालाही सुचलं नव्हतं. मलासुद्धा नाही.

मोऊआजी काठी टेकत पुढे आली, तिनं तो हात नीट निरखला आणि म्हणाली, "अरेरे. बिचाऱ्यानं जन्मात काम केलेलं नाही."

उरलेल्या रजया खाली आल्या. उन्हात महागुरू अगदीच साधा माणूस निघाला. नाव लो बाओछाय. मुळं विकत घेणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात तो वजनकाट्यावर होता. तिथं मूळ अस्सल की नकली ते ओळखायला असा दिवा वापरत. अस्सल ह्वांगल्येन सोनेरी चमकतं. एकदा हमालांचे हात चमकलेले त्यानं पाहिले आणि त्याच्या मनात आलं, मूळ वाढवायला पाच वर्षं लागतात, पुण्य विकायला पाच मिनिटं. म्हणून तो सुगीतच यायचा, आणि ह्वांगल्येनच्याच गावांत. लोकांनी टोपल्या परत नेल्या. तालुक्याहून शिपाई येईपर्यंत मोऊआजीनं त्याला कात्री देऊन मुळं कातरायला बसवलं. "तुझाही प्रकाश उघडू दे, बाळा," ती म्हणत होती. संध्याकाळी तो उघडला.

थानकाकू छुईयेसमोर उभी राहिली.

"पोरी, मला कुजीची भीती वाटली गं," ती म्हणाली.

"कुजीला चुना आणि निचरा लागतो, काकू. मास्तरांनी आम्हाला चौथीत शिकवलंय." छुईयेचा आवाज अजून कडक होता. "आणि मी आता हो म्हणणार नाही. ज्याला लग्न करायचंय तो अजून काही बोललेलाच नाही."

सगळ्या माना वेनशानकडे वळल्या. तो कानापर्यंत लाल झाला.

"पण आई..." त्यानं सुरुवात केली, थांबला, आणि मग आईकडे न बघता म्हणाला, "छुईये, परवा मी बोलायला हवं होतं. चुकलो. सात दिवसांनी मी तुझ्या दारात येतोय. आईला यायचं असेल तर ती येईल, नाहीतर डुकराजवळ बसेल."

"डुकराजवळ कशाला बसेन, मेल्या!" काकू डोळे पुसत म्हणाली. "पाहुण्यांना वाढणार कोण?"

छुईयेच्या अंगणात त्याच संध्याकाळी मावश्यांनी सूर लावला. तीन दिवस वाया गेले होते, म्हणून त्या दुप्पट वेगानं रडल्या.

*

दुसऱ्या दिवशी वर्गात मी पोरांना सगळं पुन्हा सांगितलं. ह्वांगल्येनमध्ये बर्बेरिन नावाचा पिवळा, कडूजहर पदार्थ असतो. दारूहळदीच्या लाकडातही तोच असतो. डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा जांभळा प्रकाश तो पिऊन घेतो आणि सोनेरी करून परत देतो. हाताला लागला की हात चमकतो, मग तो हात आजीचा असो, चोराचा असो, नाहीतर डुकराचं नाक असो.

"म्हणजे ह्वांगल्येनमध्ये काहीच शक्ती नाही?" एकानं हिरमुसून विचारलं.

"आहे की! हगवण थांबवायला आपण ते पिढ्यान्पिढ्या देतो, आणि डॉक्टर लोकही ते तपासून बघतात. जेवढं तपासून खरं ठरेल तेवढं खरं. तपासल्यानं मूळ काही लहान होत नाही."

येन्झीनं हात वर केला. त्या महिन्यातलं हे तिचं दुसरं वाक्य असावं. "मास्तर, मला तो उजेड अजूनही आवडतो."

"आवडू दे ना! मलाही आवडतो. तो खोटा नव्हताच, पोरी. त्याच्याविषयी सांगितलेली गोष्ट खोटी होती. उजेड खरा, म्हणून सांगणारा खरा, असं आपण धरून चाललो आणि एका मुलीचं घर मोडायला निघालो. तेव्हा इथून पुढे कुणी काहीही अद्भुत दाखवलं, तर भरपूर बघा, टाळ्या वाजवा, पण घरी जाऊन स्वतः करून बघायचं सोडू नका. आणि दाखवणाऱ्याला एक विचारा: तुमचा दिवा थोडा वेळ माझ्याकडे द्याल का? देत नसेल, तर त्याच्यापुढे आपला हात पसरायचा नाही."